महाजालावरची मराठी : अक्षरापासून वाचकापर्यंत

– प्रतिनिधी

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठीतले छापील पंचांग काढले, तेव्हा छापखाना हेच नवे माध्यम होते. शाईत चरबी असते या समजामुळे कर्मठ मंडळी छापील कागद हाती धरायलाही कचरत असत. मराठी अक्षरांचे खिळे बाजारात तयार मिळत नव्हते. ते गणपत कृष्णाजींना स्वतः घडवावे लागले. पाठोपाठ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. आपला मजकूर कोणाकोणापर्यंत पोहोचला पाहिजे, याचा विचार त्या मांडणीतच होता.

पावणेदोनशे वर्षांनी मराठीसमोर पुन्हा नेमके हेच दोन प्रश्न उभे राहिले. नव्या माध्यमात आपली अक्षरे उमटणार कशी, आणि उमटल्यावर ती वाचकाला सापडणार कशी? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु संख्या आणि दर्जा यांनी मजकूर आपोआप वाचकापर्यंत जात नाही. लेखक, नियतकालिके, ग्रंथालये, नाट्यसंस्था आणि अभ्यासक यांना नवमाध्यमांचा उपयोग करायचा असेल, तर त्यामागची यंत्रणा थोडी तरी समजून घ्यावी लागते. तिचाच हा आढावा.

खासगी फॉन्टांचे दशक

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९९६ च्या गणेश चतुर्थीला, परदेशस्थ मराठी मंडळींच्या पुढाकाराने ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. घरापासून हजारो मैल दूर असलेल्यांना मराठीत लिहिण्या-बोलण्याचा कट्टा त्यामुळे मिळाला. वृत्तपत्रेही एकामागोमाग एक महाजालावर आली.

मात्र त्या वेळी पडद्यावर दिसणारे मराठी अक्षर हे एक प्रकारचे सोंगच होते. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षर किंवा एखादे चिन्हच असे. त्यावर फॉन्ट तेवढा देवनागरीचा मुखवटा चढवी. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, आणि अनेक वृत्तपत्रांचा तर स्वतःचा. तो विशिष्ट फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसला, की अग्रलेखाच्या जागी विरामचिन्हांचा आणि चौकोनांचा सडा दिसे. ‘प्रथम फॉन्ट उतरवून घ्या’ ही सूचना तेव्हा जवळजवळ प्रत्येक मराठी संकेतस्थळाच्या दारावर टांगलेली असे.

वाचकाची ही गैरसोय निदान दिसत तरी होती. तिच्यामागचे नुकसान दिसतही नव्हते. शोधयंत्राला या मजकुरात मराठी शब्द सापडतच नसत, कारण तेथे मराठी शब्द नव्हतेच. पुढे ती संगणकप्रणाली मागे पडली, फॉन्ट दुर्मिळ झाले आणि त्या दशकात संगणकावर लिहिल्या गेलेल्या मराठीचा मोठा भाग अवाचनीय झाला. कित्येक लेखकांच्या जुन्या फाइली आजही अशाच कुलूपबंद आहेत. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. पण मूळ फॉन्ट कोणता हे ठाऊक असेल तरच त्यांचा उपयोग होतो. ज्यांच्याकडे असा संग्रह आहे त्यांनी हे काम आणखी लांबणीवर टाकू नये.

युनिकोडने काय बदलले?

जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक द्यायचा, ही युनिकोडमागची साधी कल्पना. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला १२८ घरांचा विभाग मिळाला. या विभागाची मांडणी भारतात आधीच तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीवर आधारलेली होती. म्हणजेच येथेही खिळे घडवण्याच्या कामात भारतीय हात होते. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’चे भारतीय भाषांच्या संगणकीकरणातील कार्य सर्वश्रुत आहे.

प्रत्यक्षात हा लाभ घराघरांत पोहोचायला दहा वर्षे गेली. विंडोज २००० आणि नंतर विंडोज एक्सपी या प्रणालींमध्ये देवनागरीची सोय आली. तीही एक्सपीमध्ये अनेकदा मूळ सीडी घालून वेगळी बसवून घ्यावी लागे. पण एकदा ती बसली, की कोणत्याही संगणकावर लिहिलेले मराठी जगातील कोणत्याही संगणकावर वाचता येऊ लागले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच दशकात ‘मनोगत’, ‘उपक्रम’, ‘मिसळपाव’ यांसारखी संकेतस्थळे उभी राहिली आणि हौशी लेखकांची एक संपूर्ण पिढी संपादकाच्या होकाराची वाट न पाहता लिहू लागली.

या नव्या व्यवस्थेची किंमतही होती. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात. मोबाइलच्या साध्या लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे बसतात आणि मराठीची ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी यांचीही वेगळी मोजणी होते. मराठी माणूस मोबाइलवर रोमन लिपीत का लिहू लागला, याचे एक उत्तर या आकड्यांतही आहे.

दिसायला एक, यंत्राला दोन

युनिकोड आले तरी मराठीची काही खास दुखणी राहिलीच. हिंदीच्या तुलनेत मराठीत अर्ध्या ‘र’चे एक वेगळे रूप वापरले जाते. ‘आचार्य’मध्ये रफार आहे, तर ‘दुसऱ्या’मध्ये आडवी रेघ. ही आडवी रेघ टंकित करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, तर दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द असतात. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्यास सापडेलच याची खात्री नाही. त्यातून ते अदृश्य चिन्ह वाटेत गळाले, तर शब्दाचे ‘दुसर्या’ होऊन बसते. महाजालावर ही चूक पावलोपावली आढळते.

‘ॲ’ची कथाही अशीच. ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतील या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र जोडलेला दिसतो, किंवा हिंदीच्या वळणाने ‘ऐ’ अथवा ‘ए’ लिहिलेला. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण ठरवली. अनेक मुक्त फॉन्टांमध्ये ही रूपे दडलेली असतात. पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली, तरच ती प्रकट होतात. संकेतस्थळ तयार करून घेणाऱ्याने आपल्या तंत्रज्ञाला हा एक प्रश्न अवश्य विचारावा. भाषेची नोंद योग्य असली, तर शोधयंत्रे आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारी साधने यांनाही मदत होते.

लिहावे कशाने?

टंकलेखनाचे आज चार प्रमुख मार्ग आहेत. पहिला ‘इनस्क्रिप्ट’. या कळपाटात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी रचना आहे. तो शिकायला थोडे दिवस लागतात. परंतु रोज लिहिणाऱ्यास तोच सर्वांत वेगवान आणि बिनचूक ठरतो, आणि एक भाषा शिकली की इतर भारतीय लिप्यांनाही तीच रचना चालते. दुसरा मार्ग उच्चारानुसारी, म्हणजे रोमन कळा दाबून देवनागरी मिळवण्याचा. ‘गमभन’, ‘बराहा’ यांसारख्या साधनांनी हजारो मराठी माणसांना महाजालावर लिहिते केले, ते याच मार्गाने. तिसरा मार्ग मोबाइलसाठी खास रचलेल्या कळफलकांचा. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेले ‘स्वरचक्र’ व्यंजनाभोवती बाराखडीचे चक्र फिरवून दाखवते. चौथा मार्ग बोलून लिहिण्याचा. २०१७ साली गुगलने मराठी श्रुतलेखनाची सोय सुरू केली. तिच्या आधारे मसुदा झटपट होतो, पण विरामचिन्हे आणि ऱ्हस्वदीर्घ हाताने तपासण्याला पर्याय नाही.

सापडणे म्हणजेच पोहोचणे

छापील अंक वाचकाच्या दारात जातो. महाजालावरच्या मजकुराकडे मात्र वाचकाला यावे लागते, आणि तो येतो शब्दाच्या वाटेने. म्हणून शीर्षक केवळ सुंदर असून भागत नाही. लेख कशाविषयी आहे हे त्यातून किंवा पहिल्या परिच्छेदातून कळले पाहिजे. ‘आठवणींचा पार’ या शीर्षकाचा लेख कोणत्या गावाचा, कोणत्या काळाचा, हे ना यंत्राला कळते ना अनोळखी वाचकाला. गावाचे, व्यक्तीचे, ग्रंथाचे पूर्ण नाव आणि साल ही माहिती एकदा तरी स्पष्ट लिहिलेली असावी.

याहून मोठी चूक म्हणजे मजकुराचे चित्र करून टाकणे. कविता सुरेख पार्श्वभूमीवर लिहून तिचे छायाचित्र प्रसृत करण्याची प्रथा लोकप्रिय आहे. निमंत्रणपत्रिका, परिपत्रके, दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकाही याच रूपात फिरतात. अशा चित्रातली अक्षरे शोधात सहसा येत नाहीत, ती निवडता येत नाहीत आणि अंध वाचकाला ऐकूही येत नाहीत. चित्र हवे तर जरूर द्यावे, पण सोबत मजकूरही असावा. जुन्या फॉन्टातील पीडीएफचीही गत हीच.

योग्य रीतीने मांडलेला मजकूर किती दूर जातो याची उदाहरणे कोशांच्या क्षेत्रात आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे कोणालाही विनामूल्य शोधता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचे वीस खंड आता महाजालावर आहेत. ज्या गावात ग्रंथालय नाही, तेथील विद्यार्थ्यालाही ते खुले आहेत.

जात्यावरून महाजालावर

नवमाध्यमाचे खरे सामर्थ्य दाखवणारे मराठीतील उदाहरण मात्र लिखित वाङ्मयाचे नाही. जात्यावर दळताना बायकांनी रचलेल्या ओव्या पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाते थांबले आणि ओवीचे निमित्तच संपले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारतीय झालेले गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचे ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंदणी झाली. पॉइटव्हाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. एवढे मोठे धन अभ्यासकांच्या कपाटातच राहिले असते.

पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेथे ओवीचे शब्द देवनागरीत वाचता येतात, गाणारीचा आवाज ऐकता येतो, अनुवाद मिळतो. आणि ती कोणी, कोणत्या गावी गायिली याचीही नोंद असते. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. लोकसाहित्याच्या छापील संग्रहांत गाणारी बहुधा निनावीच राहते. येथे तिला नाव आहे, गाव आहे, चेहरा आहे. माध्यम बदलले की मजकुराबरोबर मानही पोहोचवता येतो, तो असा.

दृक्‌श्राव्य माध्यमांची वाट

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरील डेटा एकाएकी स्वस्त झाला आणि व्हिडिओ शहराबाहेरही सहज पाहिला जाऊ लागला. त्याच वर्षी ‘भारतीय डिजिटल पार्टी’ अर्थात ‘भाडिपा’ने यूट्यूबवर मराठी विनोदाचा नवा बाज आणला. दूरचित्रवाणी वाहिनीच्या मंजुरीवाचून मराठी कार्यक्रमाला स्वतःचा प्रेक्षक मिळू शकतो, हे त्यातून दिसले. २०१७ मध्ये भारतात आलेल्या ‘स्टोरीटेल’ने प्रारंभापासूनच मराठीला स्थान दिले आणि श्राव्य पुस्तकांचा श्रोता तयार केला. प्रवासात, स्वयंपाक करताना, दृष्टी अधू झाल्यावरही पुस्तकाची संगत राहू शकते, हे या माध्यमाचे वैशिष्ट्य.

येथेही मजकुराचे महत्त्व संपत नाही. व्हिडिओसोबत मराठी शीर्षक, चार ओळींचे वर्णन आणि उपशीर्षके दिली, तर तो शोधात येतो, कर्णबधिरांना समजतो आणि परदेशात वाढलेल्या, मराठी कानाला कळते पण वाचनाची सवय नसलेल्या मुलांनाही उपयोगी पडतो.

नाव हरवलेले लेखन

प्रसाराचा वेग वाढला तसा एक जुना रोगही बळावला. व्हॉट्सॲपवर लेख पुढे जातो तेव्हा सर्वांत आधी गळते ते लेखकाचे नाव. मग कोणीतरी त्याखाली पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांचे नाव घालतो आणि त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये त्यांच्या नावावर जमा होतात. नुकसान दोघांचेही होते. खऱ्या लेखकाला श्रेय मिळत नाही, आणि दिवंगत लेखकाची शैली पातळ होत जाते. संदेश एका वेळी पाचांनाच पुढे पाठवण्याची मर्यादा व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात घातली, पण ती अफवांना आळा घालण्यासाठी होती. श्रेयाचा प्रश्न तिने सुटत नाही. यावर उपाय दोन. लेखकाने आपले लेखन प्रथम दिनांकासह एखाद्या कायम पत्त्यावर प्रसिद्ध करावे आणि समूहांमध्ये शक्यतो त्याचा दुवाच पाठवावा. वाचकाने नाव नसलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी त्यातील एखादे वाक्य शोधून पाहावे.

पैसा आणि हक्क

लोकप्रियता आणि मिळकत यांचे नाते वाटते तितके सरळ नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी किमान एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण, किंवा छोट्या व्हिडिओंना ९० दिवसांत एक कोटी दर्शने, ही अट आहे. ती पूर्ण झाल्यावर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. लिखित मजकुरासाठी गुगलची ‘ॲडसेन्स’ योजना हिंदीला २०१४ साली खुली झाली. मराठीला त्यानंतर काही वर्षे थांबावे लागले. त्यामुळे जाहिरातींवर विसंबण्यापेक्षा वर्गणीदार, पुस्तकविक्री, कार्यक्रम यांची जोड देणारेच टिकतात, असा अनुभव आहे.

हक्कांच्या बाबतीत भारतीय कायदा स्पष्ट आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे वाङ्मय २०११ च्या प्रारंभापासून सर्वांना खुले आहे. आचार्य अत्रे १९६९ साली गेले; त्यांच्या बाबतीत २०३० उजाडावे लागेल. ‘महाजालावर आहे म्हणजे फुकट आहे’ ही समजूत चुकीची आहे. मात्र आपले लेखन इतरांनी वापरावे असे ज्यांना वाटते, त्यांना क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या परवान्यांद्वारे तशी संमती अटींसह देता येते.

पराया ओसरीवरचा संसार

नवमाध्यमांचा सर्वांत कटू धडा टिकाऊपणाचा आहे. जिओसिटीजची पाने २००९ साली बंद झाली. मराठी समूहांनी गजबजलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी संपले. गुगल प्लस २०१९ मध्ये गेले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि ग्रामीण भागातील अनेक कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. प्रत्येक वेळी कारण वेगळे होते, परिणाम एकच. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार केव्हाही उठवावा लागतो.

म्हणून संस्था लहान असो वा मोठी, स्वतःच्या नावाचा पत्ता असणे श्रेयस्कर. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी पत्त्याचीही सोय आहे. मूळ मजकूर युनिकोडमध्ये, निदान दोन ठिकाणी जतन करावा. महत्त्वाची पाने इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहात नोंदवून ठेवावीत. समाजमाध्यमे दवंडीसाठी वापरावीत, कोठारासाठी नव्हे.

आता यंत्रेच मजकूर वाचून उत्तरे देऊ लागली आहेत. ती मराठीत किती शहाणी होतील, हे मराठीत शोधता येण्याजोगे, शुद्ध आणि नावानिशी लिहिलेले किती साहित्य त्यांच्यासमोर आहे यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील. गणपत कृष्णाजींनी खिळे घडवले, त्यांवर पुढच्या पिढ्यांनी ग्रंथ छापले. आजचे खिळे तयार आहेत आणि ते कोणालाही फुकट मिळतात. त्यांनी काय छापायचे आणि ते कसे राखायचे, एवढेच आपल्या हाती उरले आहे.